डुकराच्या मांसातला पट्टकृमी : नव्या वराहपालकाने काय करावं, कोणत्या क्रमाने करावं

दोन-चार डुकरं घेऊन धंदा सुरू करणाऱ्याला सल्ले मिळतात ते जात, खाद्य आणि भाव यांचे. लार्ज व्हाइट यॉर्कशायर घ्यावं की गावठी, एका वेताला किती पिल्लं, किलोमागे काय सुटतं. पट्टकृमीचा विषय निघतो तो थेट कापणीच्या दिवशी, मांसात पांढरे पाणीदार फोड दिसल्यावर. तोवर सहा-आठ महिन्यांचं खाद्य खर्च झालेलं असतं. हा रोग जिवंत डुकराच्या अंगावर दिसत नाही, हीच यातली खरी अडचण. डुक्कर नीट खातं, वजन धरतं, चमकदार दिसतं आणि आत मांसात पुटी, म्हणजे तेच फोड, घेऊन फिरतं.

आधी साखळी समजून घ्या. पुढची प्रत्येक पायरी तिचीच एखादी कडी तोडते.

पूर्ण वाढलेला पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म, फक्त माणसाच्या आतड्यात राहतो. साधारण २ ते ४ मीटर लांब, रिबिनीसारखा चपटा. त्याच्या शेपटीकडचे पिकलेले तुकडे तुटून शौचावाटे बाहेर पडतात आणि अशा एकेका तुकड्यात ५० हजारांच्या आसपास अंडी असतात. ती विष्ठा डुकराने खाल्ली की पोटात अंड्यांतून अळ्या निघतात, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात आणि मांसात जाऊन बसतात. दोन-अडीच महिन्यांत त्यांच्या वाटाण्याएवढ्या पुटी होतात : पातळ पडदा, आत पाणी आणि एक पांढरा ठिपका. असं मांस अर्धकच्चं खाणाऱ्या माणसाच्या आतड्यात दोनेक महिन्यांत नवा कृमी तयार होतो. फेरा पूर्ण झाला.

इथपर्यंत माणसाला फारसा त्रास नसतो. पोटात कृमी आहे हे कित्येकांना कळतही नाही. घात होतो तो दुसऱ्या वाटेने. कृमी बाळगणाऱ्याच्या हातावरून, भाकरीवरून, पाण्यातून किंवा भाजीवरून ती अंडी दुसऱ्या माणसाच्या पोटात गेली (किंवा त्याच्या स्वतःच्याच), तर माणसाच्या शरीरात डुकरासारख्याच पुटी होतात. मेंदूत झाल्या की फिट येते. जिथे डुकरं मोकाट आणि शौचालयं अपुरी, अशा भागांत फेफऱ्याच्या दहापैकी तीन रुग्णांमागे हाच कृमी असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लखनौजवळच्या मोहनलालगंज भागात डुकरं पाळणाऱ्या कुटुंबांची पाहणी झाली, तेव्हा साधारण १८ टक्के लोकांच्या पोटात पट्टकृमी सापडला होता.

आपल्याकडे 'कोबीतला किडा मेंदूत जातो' ही गोष्ट घरोघरी सांगतात. कोबीतली हिरवी अळी मेंदूत जात नाही. कोबीच्या पानांत माणसाच्या विष्ठेतली, डोळ्यांना न दिसणारी अंडी अडकलेली असू शकतात, आणि गटाराच्या पाण्यावर वाढवलेल्या कुठल्याही पालेभाजीला ते लागू आहे. म्हणून हा आजार शाकाहारी माणसालाही होतो. न्यूयॉर्कमध्ये १९९०च्या सुमारास डुकराला स्पर्शही न करणाऱ्या सनातनी ज्यू कुटुंबांत मेंदूतल्या पुटींचे रुग्ण सापडले. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकामगारांपैकी कुणाच्या पोटात कृमी होता आणि तिथून अंडी स्वयंपाकात आली, असं तपासाने दाखवलं. म्हणजे अंडी पसरवतो माणूस. डुक्कर ती खातं आणि बदनामही तेच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पायरी १ : शेडच्या आधी शौचालय

डुकरांसाठी एक वीट रचण्याआधी, तुमच्या घरातला आणि गोठ्यावरचा प्रत्येक माणूस शौचाला कुठे जातो ते पाहा. 'आमच्या गावात सगळीकडे संडास झालेत' हे उत्तर पुरेसं नाही. पुढचे प्रश्न विचारा.

संडासाचं पाणी कुठे जातं? शहराच्या कडेच्या वस्त्यांत संडास असतो, पण त्याची नळी थेट उघड्या गटारात सोडलेली असते. डुकरं त्याच गटारात लोळतात. असा संडास माणसाची लाज राखतो, कृमीला मात्र अडवत नाही. लहान मुलांची शी कुठे टाकतात? 'पोराची काय घाण' म्हणून ती उकिरड्यावर जाते, पण पोटात कृमी असेल तर मुलाच्या शौचातही अंडी असतात. शेतावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात माणसं दिवसभर कुठे जातात? साखर कारखान्याच्या आसपास पडलेल्या टोळ्यांच्या कोप्यांना हंगामभर शौचालय नसतं, आणि जवळपास कुणाची डुकरं मोकळी असली तर सकाळी विष्ठेवर पहिला हक्क त्यांचाच. गोव्यात जुन्या घरांच्या मागे डुक्कर-संडास असायचे. माणसाची विष्ठा थेट डुकराच्या तोंडी जाण्याची ती बांधीव सोय. कुठे अजून शिल्लक असेल तर तो बंद केल्याशिवाय बाकीच्या पायऱ्या वाचण्यात अर्थ नाही.

बांधायचंच असेल तर दोन शोषखड्ड्यांचं शौचालय घ्या. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा आणि भरलेला किमान दोन वर्षं बंद ठेवायचा. अंडी ओलाव्यात महिनोन्महिने तग धरतात, म्हणून कच्चा मैला खत म्हणून शेतात टाकायचा नाही. पात्र ग्रामीण कुटुंबांना स्वच्छ भारत अभियानातून वैयक्तिक शौचालयासाठी १२ हजार रुपयांचं अनुदान मिळत आलं आहे. सध्याची स्थिती ग्रामसेवकाकडून कळेल. शेडवर कामाला बाहेरून माणूस ठेवणार असाल, तर त्याच्यासाठी शौचालय, पाणी आणि साबण यांची सोय शेडच्या हाकेच्या अंतरावर करा. दूर असलं की माणूस झुडपामागे जातो. तुम्हीही जाल.

महाराष्ट्रात वडार, कैकाडी अशा समाजांतल्या कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या डुकरं सांभाळली आहेत, आणि त्यांच्या बऱ्याच वस्त्यांत आजही जागा नाही, ड्रेनेज नाही. नगरपालिका मोकाट डुकरं पकडायच्या मोहिमा काढते, भांडणं होतात, महिन्याभरात डुकरं परत रस्त्यावर. त्याच पैशात वस्तीत चालू स्थितीतले संडास झाले, तर कृमीचं अर्धं काम होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी २ : डुक्कर पूर्ण बंद

'दिवसभर बांधतो, सकाळी तासभर सोडतो' हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, आणि नेमका तो तासच नडतो. माणसं उघड्यावर जातात ती पहाटे, डुक्कर भुकेलं असतं तेही पहाटे. संसर्गाला एक घास पुरतो. अर्धी बंदी म्हणजे शेडचा खर्चही झाला आणि पुटीही झाल्या.

वाढत्या डुकराला साधारण एक ते दीड चौरस मीटर जागा धरा. खाली कोबा, तीन-साडेतीन फुटांची भिंत किंवा मजबूत जाळी, पाण्याला उतार. डुक्कर नाकाने माती उकरून जाळीखालून निघतं, म्हणून जाळीचा तळ काँक्रीटमध्ये किंवा निदान फूटभर जमिनीत गाडा. शेड धुवायला किंवा प्यायला नाल्याचं पाणी वापरू नका. माणसांची ये-जा असलेल्या पायवाटेला शेडची मोकळी बाजू ठेवू नका.

बंद ठेवण्याची खरी किंमत खाद्याची आहे, आणि ती आधीच मांडली नाही तर दोन महिन्यांत तुम्हीही दार उघडाल. ६०-७० किलोचं डुक्कर रोज दोन-अडीच किलो खाद्य खातं. मका-भरडा, भाताचा कोंडा, पेंड एवढ्यावरच चालवलं तर छोट्या माणसाला परवडत नाही. म्हणून हॉटेल-मेसचं खरकटं, मंडईत फेकलेली भाजी, ब्रुअरीचा चोथा, रताळ्याचे वेल यांवर धंदा उभा राहतो. यांपैकी खरकटं आणि मंडईची भाजी उकळल्याशिवाय घालायची नाही. भाजीवर अंडी असू शकतात, आणि खरकट्यात डुकराचं मांस आलं तर आफ्रिकन स्वाइन फीव्हरची भीती असते; डुकरांचा तो जीवघेणा रोग भारतात २०२०मध्ये आसाम-अरुणाचलात आला आणि त्यावर औषध नाही. जळण महाग पडतं हे खरं. पण डुकरं किती ठेवायची हे उकळता येईल तेवढ्या खरकट्यावरून ठरवा. उलट केलंत, म्हणजे आधी डुकरं आणि मग खाद्याचा विचार, तर शेवटी ती गावात सुटतात.

पायरी ३ : विकत घेताना

दोन महिन्यांचं दूध तुटलेलं पिल्लू घेणं सगळ्यात बरं, तेही जिथे आई बंदिस्त आहे अशा ठिकाणचं. या वयात पुटी असली तरी ती हाताला लागणार नाही, त्यामुळे विकणाऱ्याच्या शेडकडे पाहा, पिल्लाकडे नाही. माद्या मोकळ्या फिरताना दिसल्या तर भाव कितीही कमी असो, त्या पिल्लांना औषध देण्याचा खर्च हिशेबात धरा.

मोठी मादी किंवा नर मोकाट कळपातून घेत असाल तर जीभ तपासूनच घ्या; पुटी जिभेतही होतात, कशा पाहायच्या ते पायरी ४मध्ये आहे. इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. पुटी असलेलं डुक्कर शेजारच्या डुकराला हा रोग देत नाही. त्याच्या शेणात या कृमीची अंडी नसतातच. त्यामुळे एखाद्यात पुटी सापडली म्हणून अख्खा कळप फुंकून टाकायची गरज नाही. नव्या जनावराला दोन-तीन आठवडे वेगळं बांधायचं ते इतर रोगांसाठी.

प्रत्येक डुकराच्या कानात १२ अंकी बिल्ला मारून घ्या आणि वहीत जन्म, खरेदी, लस, औषध यांच्या तारखा लिहा. ही वही पुढे भावाच्या वेळी कामाला येते.

पायरी ४ : जीभ तपासणं

ही तपासणी फुकट आहे, दहा मिनिटांत होते, आणि व्यापारी ती करतातच. तुम्ही त्यांच्या आधी शिकून घ्या.

दोन माणसं लागतात. सकाळी, खाद्य घालण्याआधी करा. एकाने दोरीचा किंवा केबलचा फास वरच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे टाकून डुक्कर भिंतीला टेकवून धरायचं. ते मागे ओढत राहतं आणि प्रचंड ओरडतं. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. दुसऱ्याने तोंडात आडवी लाकडी काठी घालायची, मनगटाएवढी जाड आणि चावून तुटणार नाही अशी. मग कोरडं फडकं हातात घेऊन जीभ पकडायची, बाहेर आणि बाजूला ओढायची. बोटं कधीही दातांच्या रेषेत ठेवू नका.

आधी डोळ्यांनी जिभेची खालची बाजू पाहा. नंतर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जीभ धरून टोकापासून मुळाकडे सरकत जा. पुटी असेल तर कातडीखाली मसूर ते वाटाण्याएवढी, गोल, गुळगुळीत, थोडी दबणारी गाठ लागते. जिभेचं मूळ आणि कडा सोडू नका. काट्याची जखम किंवा पू झालेली गाठ वेगळी असते : ती दुखते, लाल असते, बहुधा एकटीच असते. शंका आली तर पशुवैद्यकाला दाखवा.

आता मर्यादा. गाठ लागली तर ती बहुतेक वेळा खरी निघते. पण गाठ लागली नाही म्हणजे डुक्कर स्वच्छ, असं मुळीच नाही. थोड्या पुटी असलेली बरीच डुकरं या तपासणीतून निसटतात. म्हणून जिभेची तपासणी वाईटातलं वाईट जनावर ओळखायला वापरा, प्रमाणपत्र म्हणून नको.

आणि जिभेत गाठ सापडली, तर ती माणसांकडे बोट दाखवते आहे. पेरूतल्या अभ्यासांत असं दिसलं की पुटींनी भरलेल्या डुकराच्या आसपास, साधारण १०० मीटरच्या आत राहणाऱ्या माणसांत कृमी सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते. तेव्हा आपलं घर, शेडवरचा कामगार आणि शेजारची घरं यांच्या तपासणीसाठी आरोग्य केंद्राशी बोला. कुणाला दोष न देता बोला. कृमी आहे हे त्या माणसालाही माहीत नसतं, आणि चारचौघांत नाव घेतलं तर पुन्हा कुणी तपासायला येणार नाही.

पायरी ५ : औषध आणि लस

कृमीचं औषध म्हणून आपल्याकडे डुकराला सर्रास आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात. खरूज आणि गोल कृमींसाठी ते चांगलं आहे. या पुटींवर त्याचा काहीही उपयोग होत नाही. 'आम्ही डीवर्मिंग करतो' असं सांगणाऱ्याला कोणतं औषध, हे विचाराच.

पुटींवर चालणारं औषध म्हणजे ऑक्सफेंडाझोल, एकदाच, तोंडाने, किलोमागे ३० मि.ग्रॅ. गाय-शेळीसाठीच्या लेबलावर याच औषधाची मात्रा साधारण ५ मि.ग्रॅ. असते, म्हणजे डुकराला सहापट. हे अंदाजाने करण्याचं काम नव्हे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मात्रा लिहून घ्या.

वजनकाटा नसेल तर टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या, दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्या, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३ म्हणजे अंदाजे वजन किलोत. घेर ०.९० आणि लांबी ०.९५ आली तर वजन ५३ किलोच्या आसपास, मात्रा सुमारे १६०० मि.ग्रॅ. ज्या बाटलीत दर मि.ली.मध्ये १०० मि.ग्रॅ. औषध आहे, तिचे १६ मि.ली. बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते, लेबल वाचल्याशिवाय मोजू नका. औषध पाजताना डुकराचं डोकं फार उंच करू नका, ते श्वासनळीत जातं. गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू सोडा.

औषधाने पुटी काही आठवड्यांत मरतात, पण मेलेल्या पुटींच्या खुणा मांसातून जायला तीनेक महिने लागतात. मेंदूतल्या पुटी मात्र नेहमी जातातच असं नाही, त्यामुळे औषध दिलेल्या डुकराचं भेजं खाण्यात-विकण्यात न आलेलं चांगलं. औषध दिल्यानंतर मांस किती दिवस वर्ज्य, हे लेबल आणि पशुवैद्यक सांगतील. पुटींच्या दृष्टीने तुम्ही तीन महिने धरून चाला.

लस वेगळं काम करते. असलेल्या पुटी ती मारत नाही, नव्या होऊ देत नाही. मेलबर्न विद्यापीठातल्या मार्शल लाइटोलर्स यांच्या गटाने टीसोल-१८ ही लस शोधली, आणि तिचं व्यापारी उत्पादन हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्स या कंपनीने सिसव्हॅक्स या नावाने केलं. साधारण दोन महिन्यांच्या वयानंतर पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा. एकाच डोसवर थांबलात तर पैसे वाया गेले समजा. जास्त काळ ठेवायच्या माद्यांना पुढचे डोस लागतात. कॅमेरूनमध्ये २०१०च्या सुमारास मोकळ्या डुकरांवर लस आणि ऑक्सफेंडाझोल एकत्र वापरून पाहिलं. लस न दिलेल्यांपैकी पाचातल्या एका डुकरात पुटी निघाल्या, दिलेल्यांत एकाही नाही. आपल्याकडे अडचण आहे ती लस छोट्या पालकापर्यंत पोहोचण्याची. एका माणसासाठी दोन डोस कुणी मागवत नाही, म्हणून आसपासच्या पाच-सहा पालकांनी मिळून दवाखान्यामार्फत मागणी केलेली बरी.

डुक्कर खरोखर पूर्ण बंद असेल आणि शौचालयाची सोय पक्की असेल, तर पुढच्या पिढीत तुम्हाला यातलं काही लागणार नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण औषध मिळालं की दार उघडं टाकायची सवय लागते.

पायरी ६ : विक्री, आणि दारात आलेला व्यापारी

व्यापारी दारात येतो, डुक्कर पाडतो, जीभ ओढतो आणि म्हणतो, "यात दाणे आहेत, निम्म्या भावात दे." दाणे म्हणजे पुटीच. कधी ते खरं असतं, कधी भाव पाडायची युक्ती. तुम्ही स्वतः आधी तपासलेलं असेल तर फसत नाही.

दाणे खरेच असले तर पालक काय करतो? ते डुक्कर दुसऱ्या व्यापाऱ्याला देतो, किंवा घरीच कापून वाटे घालतो. पेरूच्या डोंगराळ भागात १९९०च्या दशकात बाजाराचा अभ्यास झाला तेव्हा हेच दिसलं. जिभेत पुटी असलेली डुकरं कत्तलखान्याकडे फिरकतच नव्हती, ती कमी भावात चोरवाटेने विकली आणि खाल्ली जात होती. कारण उघड आहे. तपासणीत नापास झालेल्या मालाचा शून्य रुपये भाव येणार असेल, तर गरीब माणूस तपासणीच टाळणार. नुसत्या दंडाने हा प्रश्न सुटत नाही, म्हणून वेळेचं गणित महत्त्वाचं.

जीभ विक्रीच्या दिवशी तपासू नका, चार-पाच महिन्यांच्या वयात तपासा. त्या वेळी डुक्कर ३५-४५ किलोचं असतं. गाठ लागली तर औषध द्या आणि पुढचे तीन महिने ते तसंही वाढणारच आहे. खाद्य वाया जात नाही. तेच ९० किलोच्या तयार डुकरात सापडलं, तर तीन महिने थांबणं म्हणजे दोन-सव्वादोन क्विंटल खाद्य, आणि वाढीत फारशी भर नाही. मग लाजेखातर कुणी थांबत नाही. मोकळ्या कळपातून आणलेल्या सगळ्याच डुकरांना चौथ्या महिन्यात औषध देऊन टाकलं तरी हिशेब बसतो.

व्यापाऱ्याशी बोलताना वही पुढे ठेवा : बिल्ला क्रमांक, औषधाची तारीख, लसीच्या दोन तारखा. पहिल्या वर्षी तो हसेल. नेहमीच्या खाटकाशी थेट ठरवता आलं तर उत्तम, कारण दाण्याचा माल फेकून द्यावा लागला की नुकसान त्याचंही होतं, आणि स्वच्छ मालासाठी दोन पैसे जास्त द्यायला तो तयार असतो. मधल्या दलालाला तसं काही पडलेलं नसतं.

पायरी ७ : कापताना

जिथे मांसाची तपासणी होते अशा परवानाधारक ठिकाणी कापणं केव्हाही चांगलं. ते शक्य नसेल तर निदान कुठे पाहायचं ते माहीत हवं. पुटी सगळीकडे सारख्या नसतात. हृदय, जीभ, जबड्याचे स्नायू, छाती-पोटामधला पडदा, खांदा आणि मांडी इथे आधी पाहा. हृदय उभं चिरून उघडा, जबड्याच्या आणि खांद्याच्या स्नायूंना खोल काप द्या. नुसतं वरून पाहिलं तर हलका संसर्ग दिसत नाही.

पुटी ठिकठिकाणी दिसल्या तर ते मांस कुणाच्याही ताटात जाता कामा नये. जाळा, किंवा कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल चुना टाकून पुरा. 'दिसले तेवढे दाणे काढून टाकले, बाकी चांगलं आहे' हा हिशेब चुकीचा, कारण न दिसलेले नेहमीच जास्त असतात. मजुरीऐवजी असं मांस देण्याची पद्धत कुठे कुठे आहे, ती तर सरळ अन्यायाची.

स्वयंपाकघरासाठी थोडंच सांगायचं आहे. गोव्यात सोरपोतेल किंवा विंदालूची कालवणं शिजवतात तसं मांस आधी उकडून मग परतलं की पुटी जगत नाही. धोका असतो जाळावर भाजलेल्या जाड तुकड्यांत आणि घाईच्या फ्रायमध्ये. केस जाळण्यासाठी डुक्कर होरपळतात, त्याने फक्त कातडी भाजते. गोव्याची चोरीस सॉसेज मीठ-व्हिनेगरची आणि वाळवलेली असली तरी शिजवूनच खायची. गाभा ७० अंश सेल्सिअसच्या वर गेला पाहिजे. थर्मामीटर नसेल तर आतून गुलाबी रंग आणि लाल पाणी पूर्ण जाईपर्यंत शिजवा. गोठवल्यानेही पुटी मरते, उणे ५ अंशाला ४ दिवस, उणे १५ला ३ दिवस. घरच्या फ्रीजरमध्ये मोठा तुकडा आतपर्यंत गार व्हायला वेळ लागतो, म्हणून छोटे तुकडे करून आठवडाभर ठेवा. फ्रीजचा खालचा कप्पा या कामाचा नाही.

पायरी ८ : माणसांची तपासणी

शौचात चपटे, पांढरे, शेवयांपेक्षा रुंद तुकडे दिसले तर ते डबीत घेऊन डॉक्टरकडे जा. नुसता एक नमुना तपासून 'काही नाही' असा निकाल आला तरी तो पक्का नसतो. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या. सूक्ष्मदर्शकाखाली गाईच्या आणि डुकराच्या पट्टकृमीची अंडी सारखीच दिसतात, म्हणून 'मी डुकरं पाळतो' हे आपणहून सांगा.

स्वतःच्या मनाने पट्टकृमीची गोळी घेऊ नका, आणि जनावरांचं औषध तर माणसाने घ्यायचंच नाही. प्राझिक्वांटेल आणि अल्बेंडाझोल ही औषधं आतड्याबाहेरही पोहोचतात. मेंदूत आधीच गुपचूप पुटी असतील तर त्या मरताना भोवती सूज येते आणि पहिली फिट तेव्हाच येऊ शकते. ज्याला पूर्वी फिट आली आहे, सतत डोकं दुखतं किंवा कातडीखाली गाठी लागतात, त्याने हे डॉक्टरला आधी सांगायचं. निक्लोसामाइड हे औषध आतड्यातच राहतं, त्यामुळे हा धोका त्यात नाही. पेरूच्या टुम्बेस भागात गावंच्या गावं तपासून-औषध देऊन साफ करताना माणसांसाठी तेच वापरलं होतं. तिथे माणसांना औषध, डुकरांना ऑक्सफेंडाझोल आणि लस हे तिन्ही एकत्र केलं. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १०७पैकी १०५ गावांत संसर्ग पसरवू शकेल अशी जिवंत पुटी एकाही डुकरात उरली नव्हती. आपल्याकडे कुठलं औषध कुणाला, हे डॉक्टर ठरवतील.

घरात किंवा शेडवर कुणाला अचानक फिट आली, तर आधी कांदा-चप्पल हुंगवणं थांबवा. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि शुद्धीवर आल्यावर भगताकडे नेण्याआधी सीटी स्कॅन किंवा एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट १०८ला फोन करा. उपचाराने बहुतेकांच्या फिट आटोक्यात येतात. औषधं मध्येच सोडायची नाहीत, आणि त्या माणसाच्या घरातल्या बाकीच्यांचे शौचाचे नमुने त्याच आठवड्यात द्यायचे, कारण अंडी देणारा कृमी कदाचित त्याच घरात कुणाच्या तरी पोटात असतो.